पायाखालची परात

थुवाल, सौदी अरेबिया
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

रणजित,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते लिहिलेत असं समज आणि पुढे वाच.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. नूरुद्दीन आणून देईल. तो अजून दर आठवड्याला मासळीची गाडी घेऊन रियाधला येतो. त्याची बायको हफीजा अजून आपल्या भिंतीपलीकडेच राहते आणि तुझी चौकशी करते, का करते ते तिलाच ठाऊक. पत्राला सुरमईचा वास येईल, तर नाक मुरडू नकोस. सख्ख्या भावाशी बोलायला मला मासळीची गाडी लागते, तर थोडा वास तूही सहन कर.

आता कामाचं. फेब्रुवारीत मी इथून जाते आहे. साठी झाली, हॉस्पिटलने करार वाढवला नाही. वाढदिवसाचा केक कापला, 'सिस्टर शोभना म्हणजे आमची आईच' असं सगळ्यांनी म्हणून घेतलं आणि लगेच माझ्या जागी येणाऱ्या पोरीला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. ती इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटते. असो. मी सांगलीला चालले, कायमची.

आणि तिथेच तू आडवा आला आहेस. तू म्हणजे तुझी जीप. ती माझ्या नावावर आहे. आठवतं का? तुझ्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, तेव्हा जो हुद्दा होता त्यावर ती होत नव्हती, म्हणून 'आक्का, फक्त सही कर, महिन्याभरात बदलून घेतो' म्हणाला होतास. तो महिना अजून चालू आहे. नावावर गाडी असेल तर या देशातून कायमचं जायचा शिक्का मिळत नाही, हे तुला माहीत आहे. इथे पंचवीस वर्षं लोकांचे मळ-मूत्र उपसले, कुणाचं काही ठेवलं नाही, आणि आता एका गंजक्या डब्यासाठी सरकार मला धरून ठेवणार.

ती अंगणात आहे तशीच आहे. विटांवर. चाकं काढून तू भिंतीला लावून ठेवलीस त्यांच्यात मांजर व्यायली होती. समुद्र इथून हाकेवर, त्या खारट हवेने दोन वर्षांत तिची चाळण केली आहे. घरमालक फहाद काल येऊन म्हणाला, 'सिस्टर, खलास, तश्लीह!' म्हणजे भंगारवाल्याकडे दे. टो-ट्रक तो आणणार, नंबरप्लेट जमा करणार, एका सकाळचं काम. मी त्याला नाही म्हटलं. तुझी वस्तू आहे, ती तूच येऊन घेऊन जा. तुझा हुद्दा आता वाढला आहे म्हणे, तुझ्या नावावर होईल.

एवढं एक काम तरी तू आयुष्यात शेवटापर्यंत ने. तबला अर्धा, आयटीआय अर्धं, लग्नसुद्धा साखरपुड्यापर्यंत. जीपचं तरी काही वेगळं होईल असं समजायला मी काही खुळी नाही, पण लिहून ठेवते.

आईचा विषय मी काढणार नाही.

शोभना


थुवाल
शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४

रणजित,

नूरुद्दीन म्हणाला, पत्र तू घेतलंस, त्याला चहा पाजलास आणि गप्प बसलास. 'बाई, तो बोललाच नाय काय. बिस्किटं मात्र चांगली दिली.' चला, बिस्किटं तरी चांगली.

तू येणार नाहीस हे दिसतंच आहे. नाव बदलायला आधी फहसमधून, त्या सरकारी तपासणीतून, गाडी पास व्हावी लागते आणि भोकं पडलेली गाडी ते आतसुद्धा घेत नाहीत. म्हणून मी सुरुवात केली आहे. हसू नकोस. साठ वर्षांच्या बाईला ग्राइंडर धरता येतो. तुला येत होता, म्हणजे तो कुणालाही येतो.

आधी तुझी कारागिरी पाहिली. यूट्यूबवर एक जण सांगत होता की पत्रा खरा आहे का पुट्टी, हे लोहचुंबक लावून कळतं. माझ्याकडे लोहचुंबक कुठला? फ्रिजवरचा गणपती काढला आणि तुझ्या ड्रायव्हरच्या दाराला लावला. मोरया म्हणायच्या आत बाप्पा खाली. पुन्हा वर लावला, पुन्हा खाली. मडगार्डवर चिकटला, जरा सरकवला तर तिथूनही खाली. दाराच्या खालच्या अर्ध्या भागात पत्रा नाहीच, रणजित. तिथे नुसती पुट्टी आहे, वर रंग आणि त्यावर 'डेझर्ट किंग' असं स्टिकर.

मी ती खरवडली. एक एक थर असा निघत होता जशी जुन्या पेशंटच्या पायावरची कुणीतरी घाईत गुंडाळलेली पट्टी. खाली काय असणार ते आधीच कळतं. तू गंज काढलाच नाहीस. गंजावर पुट्टी थापलीस, वर पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलीस आणि मित्रांना फोटो पाठवलेस. माझ्या वॉर्डात एका नर्सने घाण न काढता जखम बांधली होती. तिला मी सगळ्यांसमोर पट्टी सोडायला लावली होती. ती रडली, पण नंतर चांगली नर्स झाली. तुला कुणी सोडायला लावली नाही. आई तर 'पोराच्या हातात कला आहे' म्हणायची.

काढणार नाही म्हटलं होतं, आलाच विषय. पुढे नेत नाही.

आता जिथे जिथे काळं, भुसभुशीत आहे ते चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचं, आणि मगच नवा पत्रा. माझी पद्धत तीच आहे, माणूस असो की जीप. हफीजा भिंतीवरून डोकावून म्हणते, 'शोभनाताई, अगो कान फुटले माझे, ही बला देऊन टाक ना भंगारात.' मी म्हटलं, तुझा नवरा घोरतो, त्याला दिलास का? मग ती गेली.

तपासणीसाठी सगळे कागद तयार ठेव. येणार नाहीस तर निदान कागद तरी.

शोभना


थुवाल
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

रणजित,

दारं झाली. मडगार्डं झाली. कशी झाली ते ऐक, म्हणजे काम कसं करतात ते कळेल.

हॉस्पिटलात जुन्या एक्स-रेच्या फिल्मा फेकून देत होते, त्या मी आणल्या. भोकावर फिल्म ठेवायची, पेनाने आकार काढायचा, कात्रीने कापायचा, बसतो का बघायचं. ब्लाउज बेततात तसं. मग त्या मापाने पत्रा. कुणाच्या तरी मणक्यावर तुझ्या दाराचा आकार निघाला, कुणाच्या गुडघ्यावर मडगार्डाचा. वेल्डिंग मात्र मला जमत नाही, त्यासाठी सनाइयातून, इथल्या गॅरेजांच्या वस्तीतून, एक वेल्डर येतो. त्यालाही तुझ्यासारखीच घाई. 'बाजी, अंदर का कौन देखता है?' मी म्हटलं, मी देखती हूँ. त्याचे टाके मी तीनदा तोडायला लावले. आता तो गल्लीत शिरतानाच सलाम करतो आणि बहुधा मनात शिव्या देतो.

काल तळ उघडला. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालची रबरी मॅट ओढली तर निघेना. कापली. आणि खाली काय? परात.

माझी परात, रणजित. आईची. मोठी, स्टीलची, काठाला ठिपक्यांनी 'सौ. कृष्णाबाई' कोरलेली. आई इथे आली तेव्हा कपड्यांत गुंडाळून घेऊन आली होती, कारण 'तुमच्याकडे मेलं भाकरीला धड भांडं नाही'. आई परत गेल्यापासून मी ती शोधते आहे. माळा शोधला, हफीजाकडे विचारलं, सांगलीला फोन करून चुलतवहिनीला विचारलं की आईने परत नेली का. आणि ती तुझ्या जीपच्या तळाला रिव्हेट मारून बसवलेली! काठासकट! पाय ठेवायच्या जागी! परातीला चार भोकं पाडताना तुला काठावरचं नाव दिसलं नाही?

आणि केलंस ते तरी अकलेने केलंस का? स्टील गंजत नाही म्हणून लावलीस ना? परात खरंच गंजली नाही. तशीच्या तशी चमकते आहे. पण साध्या पत्र्याला स्टील लावलं आणि त्यात ओल गेली की साधा पत्रा दुप्पट सडतो, हे तुला माहीत नव्हतं. परातीभोवतीचा सगळा तळ पोह्यांसारखा हातात आला. वेल्डरने बघितलं आणि म्हणाला, 'ये इंडियन लोगों का काम है. स्टील, स्टील, स्टील.' अपमान माझा झाला, तुझा नाही, कारण तू तिथे नव्हतास.

तू कधीच तिथे नसतोस. आई गेली तेव्हाही वाळूत होतास, मित्रांबरोबर, याच डब्यातून, फोन लागत नाही अशा जागी. मी एकटी विमानात बसले. अग्नी चुलतभावाने दिला. परत आल्यावर मी तुला जे म्हटलं ते तुला लागलं म्हणून तू घर सोडलंस. 'आईपेक्षा तुला हे पत्र्याचं डबडं जवळचं.' ते वाक्य मी परत घेत नाही. आता तर मुळीच नाही. डबड्याच्या ठिगळाला तू आईची परात वापरलीस.

रिव्हेट तोडून मी ती काढली आहे. तिच्या जागी खरा, जाड पत्रा बसवला आहे, दोन हात प्रायमर मारून.

उत्तर नको. काय देणार आहेस?

शोभना


थुवाल
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

रणजित,

तू आता मेट्रोने हिंडतोस म्हणे. नूरुद्दीनने सांगितलं. थंडगार डबा, स्वच्छ सीट, चालवायची जबाबदारी दुसऱ्याची. तुझ्यासाठीच बांधली असावी.

त्याने बाकीचंही सांगितलं. त्याच्याच तोंडाने लिहिते, म्हणजे तू म्हणालास ते आणि त्याने सांगितलं ते एकच आहे का ते तुला बघता येईल.

'बाई, त्याने चिठ्ठी वाचली. परातीचं आलं तसा हसला. असा हसला की खोलीतला बंगाली पोरगा उठून बसला. मग रडायला लागला. मी म्हटलं, काय रे, बाईंनी लिहिलंय तरी काय? मग बोलला, नूरभाय, परात मी चोरली नाय. आईनेच दिली.'

मग त्याने सांगितलं की आई इथे होती तेव्हा, माझी सकाळची ड्यूटी असायची ना, तुम्ही दोघं रोज जीप घेऊन समुद्राच्या कडेने राबिगच्या वाटेवर जायचात. रोज! मला सांगितलं जायचं की आई झोपली होती. एकदा गतिरोधकावर जीप उडाली आणि आईचा पाय तळातून खाली गेला. सपात रस्त्यावर पडली. तू थांबलास तर आई पाय वर घेऊन हसत बसलेली. सपात आणायला तू मागे पळत गेलास, तोवर तिच्यावरून एक ट्रक गेला होता. आई तशीच एका पायाने अनवाणी घरी आली. हफीजाने तिला आपल्या चपला दिल्या. म्हणजे हफीजालाही माहीत होतं. दोन वर्षं ती माझ्याबरोबर परात शोधते आहे आणि तिला माहीत होतं!

आणि परात आईनेच स्वयंपाकघरातून आणली. 'ही लाव खाली. स्टील आहे, जन्मात गंजायची नाही.' तू भोकं पाडत होतास तेव्हा ती हलू नये म्हणून आई वर पाय देऊन उभी होती. शेवटी म्हणाली, 'शोभीला सांगू नकोस. ती दोघांना ओरडेल.'

ओरडले असते. बरोबर ओळखलं तिने. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या बाईला भोक पडलेल्या जीपमध्ये बसवतात का? तिचा पाय गेला असता तर? मी इथे तिच्या गोळ्या वेळेवर देत होते, मीठ मोजत होते, रोज गुडघ्याला तेल लावत होते. तीन महिने. माझ्यासमोर ती एकदाही तशी हसली नाही, रणजित. 'बरं आहे गं', 'झोप लागली गं', 'तू दमली असशील', एवढंच. मला वाटायचं, ती म्हातारी झाली आहे. ती हसत होती, रोज, फक्त मी घरी नसताना.

हे ऐकून मला वाईट वाटलं, ते तुला कळावं म्हणून लिहिते. तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. उलट आता तो तुम्हा दोघांवर आहे, आणि तिच्यावर काढता येत नाही.

हफीजाला जाब विचारला. ती म्हणाली, 'काय करू? तुझ्या आयशीने शपथ घातली होती. आणि खरं सांगू? तुला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवसापासून घरात बसली असती.'

परात मी घासली. काल तिच्यात ज्वारीचं पीठ मळलं. चार भोकांतून पाणी गळतं, ओटाभर होतं. पण भाकरी होते. तुला दिली नसती.

शोभना


थुवाल
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

रणजित,

रंग झाला. तुझा तो मिलिटरी हिरवा मी लावलेला नाही. तुझं लढाईशी काय नातं? कंपनीने दिला होता तसाच, वाळूचा रंग. स्प्रेगन भाड्याने आणली, अंगणावर ताडपत्री बांधली, खाली पाणी मारून धूळ बसवली, आणि शेवटचा हात मारला त्याच दुपारी वारा सुटला. बोनेटवर वाळूचं थालीपीठ झालं. फहाद बघून म्हणाला, 'सिस्टर, नॅचरल!' मी ते सगळं घासून काढलं आणि पुन्हा मारलं. तू असतास तर नॅचरलवर थांबला असतास.

चाकं लावली. इंजिनाला काही झालेलं नव्हतं, नवी बॅटरी घातल्यावर चार वेळा खोकून सुरू झालं. तपासणीला मी स्वतः चालवत नेली. हो, लायसन्स काढलं आहे मी, तू गेल्यावर. पहिल्या खेपेला हेडलाइटवरून परत पाठवली, दुसऱ्या खेपेला पास. खाली वाकून तळ बघणाऱ्या पोराने विचारलं, बॉडी कोणी केली? मी म्हटलं, मी. तो हसला आणि शेजारच्याला सांगायला गेला, तोही हसला. हसू देत. दोघांनाही तळात एक भोक सापडलं नाही.

आता तुझ्याकडे फक्त बोट चालवायचं काम राहिलं आहे. गाडी तुझ्या नावावर करायची विनंती मी सरकारी ॲपवरून टाकली आहे. तुझ्या मोबाइलवर येईल. 'स्वीकारा' आणि 'नाकारा' अशी दोन बटणं असतात. वरचं दाब. एवढं झालं की हॉस्पिटल माझा शिक्का मारून घेईल आणि तुझ्या डोक्यावरची ब्याद सांगलीला जाईल.

येऊन गाडी कशी झाली ते बघ असं मी म्हणत नाही. बघायला डोळे लागतात.

शोभना


थुवाल
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

रणजित,

तू नाकारलंस.

मला वाटलं, अंगठा चुकला असेल. तुझा अंगठा, चुकणारच. पुन्हा विनंती टाकली. पुन्हा नाकारलंस. म्हणून मी नूरुद्दीनला बजावलं, या खेपेला बिस्किटं खाऊन येऊ नकोस, उत्तर घेऊन ये. तो घेऊन आला. दारातच उभं राहून, माझ्याकडे न बघता त्याने ते सांगितलं.

'बाई, रागावू नका हां. तो बोलला, गाडी आक्काच्या नावावर हाय तवर आक्का जात नाय.'

मी बसले. मग उठून दार लावलं, कारण हफीजा भिंतीवर होती.

केवढा कावा! तुला काय वाटलं, मला अडकवून ठेवशील? माझा इथला इकामा संपतो आहे, रणजित. शिक्का मिळाला नाही तर मी इथे राहात नाही, मी इथे बेकायदा ठरते. साठाव्या वर्षी. पंचवीस वर्षं ज्या कॉरिडॉरमधून ताठ मानेने चालले तिथे मला कागद दाखव म्हणून कुणी थांबवेल. हे तुझं प्रेम! तेसुद्धा दाराला पुट्टी थापतोस तसंच. खाली काय सडतंय ते बघायचं नाही, वरून गुळगुळीत.

आणि मला इथे ठेवून तू करणार काय होतास? दोन वर्षांत एकदा आला नाहीस. नंबर बंद. पत्रांना उत्तर नाही. आक्का थुवालला आहे, एवढं माहीत असलं की तुला रियाधला झोप लागते, असंच ना? मी तुझ्या फ्रिजवरचा गणपती आहे का, चिकटून राहायला?

आता मी एक गोष्ट लिहिते. ती नीट वाच, कारण मी ती पुन्हा म्हणणार नाही.

मी नाही म्हटल्यावरही फहाद ऑक्टोबरात पुन्हा टो-ट्रक घेऊन दारात उभा होता. खरोखरचा ट्रक, ड्रायव्हरसकट. मी हो म्हटलं असतं तर तुझी जीप त्या दुपारी भंगारात गेली असती, नंबरप्लेट जमा झाली असती आणि मी मोकळी झाले असते. कुणाच्या बोटाची गरज नव्हती. अरे मूर्खा, मग मी चार महिने पत्रा का कापत बसले असेन? माझे हात बघितले असतेस तर कळलं असतं. नखांत प्रायमर आहे, उजवा अंगठा बधिर झाला आहे, आणि निरोपाच्या कार्यक्रमाला मी हातमोजे घालून गेले. मला गाड्यांची आवड आहे? मला जीपमध्ये मळमळतं. तू यावास म्हणून मी हे केलं. दुसरी कुठलीही वस्तू माझ्याकडे नव्हती जिच्यासाठी तू आला असतास.

तू काढलेलं कारण आणि मी काढलेलं कारण एकच आहे, आणि दोन्ही तितकीच बावळट. फरक इतकाच की मी माझ्या बाजूचं काम पूर्ण केलं.

तिसऱ्यांदा विनंती टाकली आहे. पुढच्या शनिवारपर्यंत वाट बघेन. तुझा स्वीकार नाही आला तर रविवारी फहादचा ट्रक. त्याला सांगून ठेवलं आहे. आईने जिथे पाय ठेवला होता तो तळ, नवा पत्रा, माझा रंग, सगळं एका दाबात चपटं होईल आणि मी बघायला थांबणार नाही.

शोभना


थुवाल
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

रणजित,

स्वीकार काल आला. दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या दुपारी, हेही तुझ्याच स्वभावाला धरून. सोबत एक शब्द नाही. मी दहा वेळा उघडून बघितलं, की कुठे खाली काही लिहायची जागा असते आणि मला ती दिसत नसेल. हफीजाच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, 'आंटी, यात मेसेज नाही लिहिता येत.' बरं. तेवढं मी तुझ्या बाजूने धरते.

फहादचा ट्रक सकाळी आला होता. परत पाठवला. तो वैतागून 'यल्ला, यल्ला' करत गेला.

शिक्का मिळाला. विमान शुक्रवारी संध्याकाळचं, जेद्दाहहून. सामान फार नाही. परात कपड्यांत गुंडाळून बॅगेत घातली आहे, आईने आणली होती तशीच. सांगलीत वहिनी भोकं बघणार आणि विचारणार. तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही, कारण मला ही गोष्ट मासळीवाल्याच्या तोंडून कळली आहे. सपात कुठल्या पायातली पडली? ट्रक गेल्यावर आई काय म्हणाली? भोकं पाडताना ती वर उभी होती तेव्हा काय बोलत होती? हे सगळं मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. सावकाश, काही न गाळता. आणि ती हसली कशी ते करून दाखव. मी ओरडणार नाही. ओरडलेच तर तू पुढे सांगत राहा.

जीप दारात उभी आहे, पुसून ठेवली आहे. किल्ली हफीजाकडे आहे. कालपासून ती तुझ्या नावावर आहे, त्यामुळे मला ती चालवता येत नाही. नूरुद्दीन हे पत्र घेऊन उद्याच निघतो आहे आणि शुक्रवारपर्यंत रियाधलाच थांबणार आहे. विमानतळावर सोडायला फहादला मी विचारणार नाही.

टॅक्सी सांगितलेली नाही.

आक्का